अंजुमनच्या शेजारचे फाटक

आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या उर्दू शाळांत सहल म्हटली की ठिकाणे ठरलेली असतात. शिवनेरी, रायगड, जंजिरा, फार तर महाबळेश्वर, आणि अलीकडे मुलांच्या हट्टापायी एखादे वॉटरपार्क. यंदा दोन्ही तालुक्यांतल्या आम्ही काही शिक्षकांनी मिळून आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी निराळे ठिकाण सुचवले. मुंबईचे सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. सूचना मांडताच पहिला प्रश्न आला की तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय? दुसरा प्रश्न जरा वेळाने आणि खालच्या आवाजात आला. आपल्या मुलांना तिथे नेणे योग्य आहे का?

या दोन प्रश्नांना उत्तर द्यायचे म्हणून आम्ही वाचन सुरू केले, टिपणे काढली. बी.एड.ला पाठटाचण लिहिताना 'पूर्वज्ञान' नावाचा एक रकाना भरावा लागे. मुलांना आधीपासून काय ठाऊक आहे, ते त्यात लिहायचे. या सहलीचे टाचण करताना तोच रकाना आमच्या हाताबाहेर गेला. मुलांना जे ठाऊक आहे, म्हणजे आसनगावचे स्टेशन, भायखळ्याचे जे.जे. हॉस्पिटल, क्रॉफर्ड मार्केट, अंजुमन-ए-इस्लाम, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा, त्या प्रत्येकाचे एक टोक या चित्रशाळेला बांधलेले निघाले.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जे.जे. हे खिडकीवर तिकीट काढून आत जाण्याचे संग्रहालय नव्हे. ते शिकण्याचे ठिकाण आहे. २०२३ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जुन्या गुरुजनांच्या आणि विद्यार्थ्यांच्या चित्रांचा, शिल्पांचा मोठा संग्रह त्याच्यापाशी आहे. दरवर्षी विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन भरते आणि ते सर्वांना खुले असते. एरवी आवारात मुलांचा गट न्यायचा तर आधी लेखी परवानगी घेणे आले. आम्ही सहल प्रदर्शनाच्या दिवसांतच धरली आहे, कारण भिंतीवरचे जुने चित्र आणि ते जिथे शिकवले गेले तो वर्ग, ही दोन्ही एका फेरीत पाहायला मिळतील असे ठिकाण आमच्या वाटेवर दुसरे नाही.

ही शाळा कोणाच्या पैशाने उभी राहिली? नावातच उत्तर आहे. सर जमशेटजी जीजीभॉय. त्यांनी १८५३ साली कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत वर्ग सुरू झाले. सध्याची इमारत १८७८ ची. जमशेटजी लहानपणी पोरके झालेले, रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यापासून वर आलेले, पुढे चीनच्या व्यापारात गब्बर झालेले. त्या व्यापारात कापूस होता तशी अफूही होती, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या बहुतेक दानधर्माच्या मागे हेच दोन माल आहेत.

आमच्या वाचकांना याहून मोलाची वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. चीनच्या या व्यापारात जमशेटजींचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद आणि महंमद अली रोगे. रोगे हे कोकणी मुसलमान, जहाजांचे धनी. म्हणजे ज्या संपत्तीतून पुढे हॉस्पिटल आणि चित्रशाळा निघाली ती कमावताना आपल्या कोकणी माणसाचा हात त्यात होता. आमच्या शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडीकडच्या कोकणी घरांत रोगे हे नाव अजून कोणाकोणाला आठवते. पण ते चित्रशाळेच्या संदर्भात कोणी सांगितल्याचे आम्ही ऐकले नव्हते.

आता आसनगावकडे येऊ. मुंबई-ठाणे आगगाडी धावली १८५३ साली, म्हणजे जमशेटजींनी लाख रुपये देऊ केले त्याच वर्षी. मग रूळ कल्याणला आले, वाशिंदला आले. १८६० च्या फेब्रुवारीत ते आसनगावला पोचले, १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला, आणि थळ घाट ओलांडून इगतपुरीला जायला १८६५ उजाडले. त्या काळी मुंबईहून अजिंठ्याकडे जायचे तर खानदेशापर्यंतचा लोहमार्ग हाच. १८७२ ते १८८५ या काळात जे.जे.चे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यामागून हिवाळे अजिंठ्याच्या लेण्यांत जात राहिले. अंधारात, वटवाघळांच्या वासात, भिंतीवरची झिजत चाललेली चित्रे त्यांनी कॅनव्हासवर उतरवून घेतली. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतले एक ठळक नाव. आमच्या गावाशेजारून धूर सोडत गेलेल्या गाड्यांतून ही मुले, त्यांचे रंग आणि कागदाच्या गुंडाळ्या गेल्या असतील. आमची मुले आता त्याच रुळांवरून उलट दिशेने जाणार.

ग्रिफिथ्सच्या चित्रांचे पुढे वाईट झाले. ती लंडनला पाठवली गेली आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यातली कितीतरी जळाली. त्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्यातच मुक्काम ठोकून काढलेल्या नकलाही १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंड छापले.

अजिंठा त्या वेळी निजामाच्या मुलखात होते. बुद्धाच्या चरित्राची चित्रे, मुलूख मुसलमान राजाचा, नकला काढणारे पारशी आणि हिंदू विद्यार्थी, शिकवणारा इंग्रज. नंतर १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने पुन्हा नकला काढल्या. तिच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस होते हे शाळेच्या पुस्तकात येते. सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन काझी हे निजामाच्या राज्यातले दोन चित्रकारही तिच्याबरोबर होते, हे येत नाही. सय्यद अहमद तर पुढे अजिंठ्याचे अभिरक्षक झाले, लेण्यांच्या सावलीतच त्यांनी उमेद घालवली. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावर जे चार भागांचे काम केले ते १९३० ला सुरू होऊन १९५५ ला पुरे झाले. तसवीर पाहणे आपल्यात बसत नाही असे जेव्हा कोणी सहज म्हणून टाकतो तेव्हा आम्हाला या दोन-तीन माणसांची आठवण होते. त्यांनी बोधिसत्त्वाच्या पापण्या मोजल्या आणि नमाजही चुकवली नसेल.

पाहायला काय आहे, या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. आमचे उत्तर असे की जे.जे.चे पहिले दालन व्हीटी स्टेशन हेच आहे. आम्ही अजून व्हीटीच म्हणतो, मुले सीएसएमटी म्हणतात. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स याने आखलेली ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे चालली. तिच्या दगडांवरचे मोर, माकडे, पाने, फुले, वेली, कमानींच्या जाळ्या हे बरेचसे काम ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी केले. २००४ साली ही इमारत जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. रोज लाखो माणसे त्या माकडांखालून धावतात आणि वर पाहत नाहीत. आमच्या मुलांना मोर आणि वानर शिकवावे लागत नाहीत. माहुलीच्या पायथ्याच्या, माळशेजच्या अलीकडच्या वाड्यांतली ही मुले. वानराने शेपूट कुठे ठेवावी हे दगडाला बरोबर जमले आहे की नाही, ते मुंबईच्या मुलापेक्षा त्यांना अधिक कळेल. तेव्हा पहिला अर्धा तास स्टेशनातच. प्रत्येकाने एक प्राणी शोधायचा आणि वहीत उतरवायचा. फाटकाच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, ते मात्र टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराचे. सिंह म्हणजे विलायत, वाघ म्हणजे हिंदुस्थान. कोणता अधिक सावध बसला आहे, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

दुसरे दालन क्रॉफर्ड मार्केट. आज त्याचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत १८६९ ची. दारावरच्या कमानींत दगडात कोरलेले शेतकरी आणि बाजाराला निघालेली माणसे आहेत. ती जॉन लॉकवुड किपलिंग याची. हा १८६५ मध्ये जे.जे.त शिकवायला आला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा मुलगा रुडयार्ड या आवारात जन्मला, आणि मुलाच्या कीर्तीखाली बाप झाकला गेला. हा बाप आम्हाला अधिक जवळचा वाटतो. १८७० मध्ये तो उत्तरेकडे फिरून विणकर, भरतकाम करणारे, लाकूड कोरणारे कारागीर त्यांच्या कामावर बसलेले असताना चितारत होता. त्यातले किती मुसलमान असतील हे सांगायला नकोच. १८७५ मध्ये तो लाहोरला गेला आणि तिथल्या मेयो स्कूल ऑफ आर्टचा प्रमुख झाला. मुंबई आणि लाहोर या दोन चित्रशाळा अशा एका माणसाने जोडलेल्या आहेत.

त्याच सुमारास जॉर्ज टेरी याने जे.जे.त कुंभारकाम चालवले. निळ्या-हिरव्या झिलईची सिंधी पद्धत आणि त्यावर अजिंठ्याची वेलबुट्टी, असे ते भांडे. त्याचे नमुने भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जपलेले आहेत. सिंधच्या मशिदींवरच्या काशीकामाचा रंग आणि बुद्धाच्या लेण्यातली कमळे एका सुरईवर. आम्ही या भांड्याचे छायाचित्र वर्गात दाखवले तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, हे हिंदू का मुसलमान?" उत्तर द्यायला तास पुरला नाही. त्या प्रश्नासाठीच सहल काढावी असे आमच्यातल्या एका सहकाऱ्याचे मत पडले.

स्टेशनातून बाहेर पडून दादाभाई नौरोजी मार्गाने क्रॉफर्ड मार्केटकडे निघाले की डाव्या हाताला आधी अंजुमन-ए-इस्लामची इमारत लागते आणि पुढे जे.जे.चे आवार. अंजुमन स्थापन झाली १८७४ मध्ये, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांच्या पुढाकाराने. त्या सोबत्यांत पुन्हा एक नाखुदा महंमद अली रोगे आहेत, त्याच घराण्यातले, पुढच्या पिढीचे. शाळा १८८० मध्ये सुरू झाली आणि आजची इमारत १८९३ ची. उर्दू शाळेतला शिक्षक तिच्यासमोरून जाताना पावले हळू करतो. आमच्यातल्या कोणाचे मामा तिथे शिकले, कोणाचे सासरे. आमच्या भागातले जे पहिले मॅट्रिक झाले त्यांच्या गोष्टींत अंजुमन येतेच. सव्वाशेहून अधिक वर्षे आपली माणसे त्या फाटकातून आत-बाहेर करीत आहेत. आणि काही पावलांवरचे दुसरे फाटक? ते आमच्या घरांतल्या गोष्टींत येत नाही. रोगे घराण्याचा धागा दोन्हीकडे पोचतो, मग आपली पावले एकाच फाटकाशी का थांबली?

याचे सोपे उत्तर धर्माचे दिले जाते. आम्ही आलीम नाही. काय जायज आणि काय नाजायज हे सांगणे आमचे काम नाही आणि त्या वादात उलेमांचीही मते एक नाहीत. आम्ही इतिहास शिकवतो, तेवढेच बोलतो. मराठी मुलखात सुलतानांच्या दरबारी चित्रे काढली जात होती. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने फारसीत 'तारीफ-ए-हुसेनशाही' रचली, साधारण १५६५ च्या सुमाराची. तालीकोटच्या लढाईचे वर्णन तिच्यात आहे. तिची सचित्र पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे आणि दखनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ती मोजली जाते. त्या चित्रांत सुलतानाजवळ त्याची बेगम खुंजा हुमायून बसलेली होती. चांदबिबीची आई ती. पुढे कोणीतरी तिची आकृती बऱ्याच चित्रांतून पुसून टाकली. हुसेनशहाच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या नावाने कारभार चालवला, आणि १५६९ मध्ये त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. पुसण्याचे कारण तेच असावे असे अभ्यासकांचे अनुमान आहे. म्हणजे चित्र पुसले गेले ते चित्र होते म्हणून नव्हे. त्यात सत्ता हाती घेतलेली बाई होती म्हणून.

सहलीच्या यादीत मुलींची नावे एकेक करून कमी होऊ लागली तेव्हा ही गोष्ट आम्हाला फार आठवली.

पालकांची एक शंका मात्र खरी आहे आणि ती आम्ही उडवून लावणार नाही. जे.जे.त मनुष्यदेहाचा अभ्यास होतो. ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतींवरून रेखाटन करण्याची तिथे जुनी रीत आहे. ग्लॅडस्टन सॉलोमन हे १९१९ नंतर प्रमुख असताना त्यांनी जिवंत व्यक्तीला समोर बसवून, निर्वस्त्र देहाचाही अभ्यास करण्याचा वर्ग नेटाने चालवला. डॉक्टरला जसे शरीर शिकावे लागते तसे चित्रकारालाही, असा त्यामागचा विचार. आठवी-नववीच्या मुलांना काय दाखवायचे आणि काय नाही याचा निवाडा शिक्षकाने आधी जाऊन करायचा असतो. त्यासाठी आमच्यातले दोघे, एक शिक्षक आणि एक शिक्षिका, आठवडाभर आधी जाऊन दालने पाहून येणार आहेत. पालकांच्या सभेत आम्ही हे सगळे सांगितले. लपवून नेले असते तर काम सोपे झाले असते, पण पुढच्या वर्षी कोणी मुले पाठवली नसती.

दुसऱ्या फाटकातून आपले कोणीच गेले नाही, असे मात्र नाही. सय्यद हैदर रझा १९४३ ते १९४७ या काळात इथे शिकले. मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यातल्या जंगलात वन खात्यातल्या नोकरदाराच्या घरी १९२२ साली त्यांचा जन्म. शाळेत या मुलाचे लक्ष लागेना तेव्हा हेडमास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितले. पुढे पॅरिसमध्ये साठ वर्षे राहून ते जगभर ओळखले गेले ते याच बिंदूच्या चित्रांनी. २०१६ साली दिल्लीत वारले आणि मंडल्याला वालिदांच्या कबरीशेजारी दफन झाले. रझांची ही गोष्ट मुलांना फार आवडते. शिक्षकांना तर जास्तच.

तय्यब मेहता क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, सनातनी बोहरा वस्तीत वाढले. फाळणीच्या दंगलीत महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी खिडकीतून पाहिले. त्याच वर्षी ते जे.जे.त दाखल झाले आणि १९५२ ला पदविका घेऊन बाहेर पडले. ती खिडकी त्यांच्या चित्रांतून कधी गेली नाही. कोसळणारी माणसे, पाय बांधून पाडलेला बैल, हेच ते पुन्हा पुन्हा काढत राहिले. महंमद अली रोडवर आम्ही रमजानमध्ये मालपुवा खायला जातो. तिथून जाताना मुलांना या माणसाचे नाव तरी ठाऊक असावे.

अकबर पदमसी हे खोजा कुटुंबातले, तेही जे.जे.चेच विद्यार्थी. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातल्या त्यांच्या चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. एवढेच इथे पुरे.

आणि मकबूल फिदा हुसेन. जन्म १९१५, पंढरपूरचा! जे.जे.च्या वर्गांत ते थोडा काळ आले, पण त्यांची खरी शाळा सिनेमाच्या पाट्या रंगवण्याची. रझा, सूझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर १९४७ मध्ये त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप काढला. त्यातल्या सूझांना १९४२ च्या चळवळीपायी जे.जे.तून काढून टाकले होते, आणि आरा मुळात घरगडी होते. हुसेनांच्या काही चित्रांवरून झालेले वाद, २००६ साली त्यांनी देश सोडणे, २०११ मध्ये लंडनला झालेला मृत्यू, हे सगळे वाचकांना माहीत आहे. त्यावर या लेखात शिरत नाही. मुलांना आम्ही त्यांचे १९५४ चे 'ग्रामयात्रा' दाखवणार आहोत, अर्थात छापील प्रतीत. खेड्यातल्या जगण्याचे तेरा तुकडे एका लांब कॅनव्हासवर. ते चित्र कितीतरी वर्षे नॉर्वेत, ओस्लो विद्यापीठाच्या इस्पितळात टांगलेले होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ते सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. पालकसभेत हा आकडा सांगितला तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबूज थांबली. चित्राचे महत्त्व पैशाने पटवावे लागले याचे आम्हाला वाईट वाटले, पण सभा जिंकली हेही खरे.

मार्कांचेही असेच आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा राज्याचे कला संचालनालय घेते. १९६५ साली स्थापन झालेले हे संचालनालय जे.जे.च्याच आवारात वाढले. या परीक्षांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे आमच्याकडचे जे पालक तसवीर नको म्हणतात तेच परीक्षेची फी वेळेवर भरतात. गुण मिळेतोवर चित्रकलेला कोणाची ना नाही. गुण मिळाले की रंगपेटी धाकट्या भावाकडे जाते.

आमच्या नववीत एक मुलगी आहे. नाव देत नाही. वडील गॅरेजमध्ये काम करतात. इंटरमिजिएटला तिला 'अ' श्रेणी मिळाली. तिच्या हाताला जे येते ते आमच्यातल्या कोणालाही शिकवता येणार नाही, कारण शाळेला चित्रकलेचा शिक्षकच नाही. तो तास गणिताचे सर घेतात. ती फुलपाने काढते, माणसे काढत नाही, घरी चालत नाही म्हणून. तिच्यासाठी आम्ही दोन नावे शोधून ठेवली. एक नसरीन मोहमदी. १९३७ ला कराचीत जन्म, मुंबईत वाढ, लंडनला शिक्षण, मग १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्या वारल्या. त्यांच्या कागदावर माणूस नाही, झाडही नाही. नुसत्या रेषा आहेत, शाईच्या आणि पेन्सिलीच्या, इतक्या बारीक आणि नेमक्या की श्वास धरून पाहाव्यात. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने आपली नवी इमारत उघडली तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत एक त्यांचे होते. दुसरे नाव झरीना हाश्मी. जन्म १९३७ चाच, अलीगढचा, तिथल्या मुस्लिम विद्यापीठात गणित शिकलेल्या. लाकडी ठशांच्या छत्तीस चित्रांची त्यांची एक मालिका १९९९ ची आहे. प्रत्येक चित्राला घरातल्या एकेका गोष्टीचे नाव, आणि ते चित्रातच उर्दूत लिहिलेले, नस्तालीक वळणात. आमची मुले ज्या लिपीत गृहपाठ लिहितात ती लिपी चित्र होऊन जगातल्या मोठ्या संग्रहालयांत टांगली गेली आहे. झरीना यांचा इंतकाल २०२० मध्ये लंडनला झाला. या दोन्ही बाई जे.जे.च्या नव्हेत. पण त्या मुलीला फाटकाच्या आत नेण्याआधी हे दाखवले पाहिजे, म्हणजे आत गेल्यावर आपण काय काढू शकतो हे तिला कळेल.

आता प्रत्यक्ष आखणीचे.

रविवार बाद, कारण मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. शुक्रवार बाद, जुमा. शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद, परवानगीचे काही अडले तर विचारायचे कोणाला? म्हणून मधला वार, बुधवार. मुरबाडला रेल्वे नाही. तिथली मुले एस.टी.ने कल्याणला आणायची आणि लोकलमध्ये चढवायची असे आधी ठरत होते. पण सकाळी सातला कल्याणच्या फलाटावर वीस मुले एका डब्यात चढवणे म्हणजे काय, हे ज्याने कल्याण पाहिले आहे त्यालाच कळेल. तेव्हा त्यांना सरळगाव-किन्हवलीच्या रस्त्याने पहाटेच शहापूरला आणायचे आणि आसनगावातून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा असतानाच चढवायचे. आसनगाव ते सीएसएमटी पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास, सुमारे दोन तास. वाटेत खिडकीतून पाहायची यादी केली आहे. तानसाचे पाणी शहापूर तालुक्यातून १८९२ पासून मुंबईला जाते. आपण त्या पाण्याबरोबरच निघालो आहोत, हे मुलांना वाशिंदला सांगायचे.

स्टेशनात अर्धा तास. मग अंजुमनसमोर थांबून पाच मिनिटे माहिती. जे.जे.त दोन तास, त्याहून जास्त नाही. थकलेले मूल काही पाहत नाही. सगळी दालने सगळ्यांनी पाहायची हा आग्रह नाही. प्रत्येकाने एकच चित्र किंवा मूर्ती निवडायची, तिच्यासमोर दहा मिनिटे बसायचे आणि उर्दूत दहा ओळी लिहायच्या: काय दिसते, रंग कोणते, उजेड कुठून येतो, काय समजले नाही. समजले नाही, हे लिहिणे सक्तीचे. भांडी, धातूकाम आणि कापडावरच्या नक्षीचे विभाग आम्ही मुद्दाम घेतले आहेत. भिवंडीच्या मागावर काम करणाऱ्यांची मुले आमच्या वर्गात आहेत, त्यांना तिथे बोलायला काहीतरी असेल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही त्याच दिवशी उरकावे, तिथे अकबर बादशहाची १५९३ ची ढाल आहे, अशी एक सूचना आली. ढाल आम्हालाही पाहायची आहे. पण एका दिवसात दोन संग्रहालये म्हणजे दोन्हींची धावती हजेरी, म्हणून ती पुढच्या वर्षावर टाकली. त्या संग्रहालयाची फिरती बसही गेल्या काही वर्षांपासून शाळाशाळांत जाते. तिच्यासाठी वेगळा अर्ज लिहायचा आहे.

डबे सगळ्यांनी घरून आणायचे. जोहरची नमाज क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत. ही मशीद कोकणी मुसलमानांची, १८०२ साली पुरी झालेली, आणि पुढे तिचा मजला वाढवण्याच्या कामीही रोग्यांचेच नाव येते. तळघरातल्या कमानींखाली जुने तळे आहे, त्यात मासे आहेत. मुलांना ते सर्वांत जास्त आवडेल असा आमचा अंदाज आहे आणि त्यात वाईट काही नाही. मुलींच्या नमाजीची सोय कुठे होईल याची चौकशी आमच्या एका शिक्षिकेकडे सोपवली आहे.

यादीत सध्या त्रेचाळीस नावे आहेत, एकोणीस मुलगे आणि चोवीस मुली. मुलींची संख्या सभेनंतर वाढली. संमतीपत्रे चारच यायची राहिली आहेत, त्यात गॅरेजवाल्या वडिलांचे एक. चौघांनीही विचारले ते एकच, परतीची गाडी किती वाजताची? दुपारी तीनच्या आतली, दिवेलागणीच्या आधी मुले घरात असतील, असे आम्ही चिठ्ठीवर लिहून पाठवले आहे.